बोटीला चासी नसते

"मामानू, नवी बॅटरी घातलंय तरी तीच गत."

भाच्याचा हा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या बाजारात बांगडे निवडत होतो. दिवाळी होऊन आठवडा झालेला. मालवणजवळच्या देवबागात पर्यटकांची झुंबड, आणि याची बोट जेट्टीला बांधलेली. साडेसात हजारांची बॅटरी घातल्यावर आठ दिवस सगळं सुतासारखं सरळ चाललं. नवव्या दिवशी पुन्हा सेल्फ मारला की नुसतं 'खट्', पुढे काही नाही. तेही संगमाजवळ, वाळूच्या दांड्याला खेटून, ओहोटी लागलेली आणि बोटीत पुण्याची आठ माणसं. शेवटी फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून, ओढून ओढून त्याने इंजिन चालू केलं. चाळीस हॉर्सपॉवरचं ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) दोरीने चालू करायचं म्हणजे खांदा निखळायचाच बाकी राहतो.

"बॅटरीवाल्यान फसवल्यान माका," भाचा म्हणाला.

"बॅटरीक शिवी नको. मी येतंय."

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. गाडी डेपोत वळताना तिचे मागचे दिवे बघून अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची जोडणी) कुठे सुटलाय ते सांगायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचो. त्यामुळे बोटीचं काम म्हणजे एका दुपारचं, दुपारी जेवून बसू आणि चहापर्यंत उठू, असा माझा हिशेब. नुसत्या कामाचे तीन दिवस लागले. त्यातला पहिला दीड दिवस मी भलत्याच बाजूला शोधत होतो. तो दीड दिवस कुठे गेला हे लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

बोट बावीस फुटी, फायबरची. वय सतराच्या पुढे, आणि भाच्याच्या आधी तिचे तीन मालक होऊन गेले. प्रत्येक मालकाने आपापली हौस वायरिंगमध्ये भागवलेली. एकाने गाणी लावायला स्पीकर बसवले, एकाने निळ्या दिव्यांची माळ लावली, एकाने मासे शोधायचं यंत्र लावलं आणि जाताना यंत्र घेऊन गेला, वायरी तशाच ठेवून. डॅशबोर्डची मागची फळी उघडली तर आत करवंदीची जाळी. त्यात बहुतेक वायर घरगुती, आणि बहुतेक हिरवी. कुणाला तरी हिरव्या वायरचं बंडल स्वस्तात मिळालं असणार. पॉझिटिव्ह हिरवी, निगेटिव्ह हिरवी, हॉर्नची हिरवी, पंपाची हिरवी.

फ्यूजच्या सहा खणांपैकी दोनात फ्यूज होते. दोनात तांब्याची तार पिळून घातलेली. एकात सिगारेटच्या पाकिटातली चांदी. सहावा रिकामा, पण त्याच्या दोन्ही वायरी बाहेरच एकमेकींना जोडून दिलेल्या. माझ्या पोटात गोळा आला तो इथे. बोटीत पेट्रोल असतं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला जाऊन बसते, आणि बस पेटली तर प्रवासी दारातून उड्या तरी मारतात. मी आधी बॅटरीची वायर सोडली, तळाच्या फळ्या उचलून तासभर वारा खेळू दिला, नाक घालून वास घेतला, मग पान्याला हात लावला. भाचा हसत होता. हसू दे.

तक्रारी चार होत्या. सेल्फ कधी लागतो, कधी नाही. संध्याकाळी दिवे लावले की पिवळे, देवळातल्या समईसारखे. तळाचं पाणी उपसणारा पंप चालतो, पण धार म्हाताऱ्याच्या थुंकीसारखी. आणि वायरलेस सेट ऐकायला ठणठणीत, सोळा नंबरच्या चॅनलवर सगळ्यांच्या गजाली ऐकू येतात, पण आपण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो आणि बटण सोडलं की पुन्हा चालू होतो.

शिवाय पाचवी एक गंमत होती, तिला भाचा तक्रार म्हणत नव्हता. दिव्यांचं बटण बंद असताना पंप चालू केला की डॅशबोर्डवरच्या मीटरमधला बल्ब किंचित उजळायचा. "भूत आसा," तो म्हणाला.

हे भूत मी आयुष्यभर बसच्या मागे पाहत आलो. डावीकडचा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकतो, म्हणजे त्या दिव्याच्या खोक्याचा अर्थ गेला. करंटला परतायला वाट उरत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा शिरून दुसरीकडून वाट काढतो. वर्कशॉपमध्ये पोरांना हे पहिल्या महिन्यात शिकवायचो. आणि तरीही बोटीवर ते बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कारण बसमध्ये अर्थ सुटला म्हणजे काय करायचं? दिव्याचं खोकं सोडायचं, खालचा गंज पॉलिश पेपरने घासायचा, स्क्रू घट्ट करायचा. संपलं. बसची अख्खी चासी, तो खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे एक भलीमोठी निगेटिव्ह वायर. पॉझिटिव्हची एकच वायर दिव्यापर्यंत न्यायची, परतीची सोय लोखंड करतं. एकतीस वर्षं माझा हात परतीच्या वायरचा विचारच न करायला शिकला. करंट जातो कसा ते शोधायचं, तो येतो कसा हे चासी बघून घेईल.

फायबरच्या बोटीत लोखंड कुठलं? तिथे प्रत्येक दिव्याची, प्रत्येक पंपाची परतीची वाट वायरनेच करावी लागते, आणि ती वाटही जाणाऱ्या वाटेइतकीच रुंद लागते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विचारलं असतं तर पटकन सांगितलं असतं. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं.

तर पहिला दिवस असा गेला. भाच्याने ऑनलाइन मागवलेला डिजिटल मीटर घेऊन मी पॉझिटिव्हच्या बाजूने निघालो. बॅटरीवर १२.५. मुख्य बटणाच्या अलीकडे १२.५, पलीकडे १२.५. फ्यूजच्या पेटीवर १२.५. पंपाच्या बटणावर १२.५. काळा प्रोब मी दर वेळी जवळच्या निगेटिव्हच्या पट्टीवर टेकवत होतो आणि मीटर दर वेळी मला शाबासकी देत होता. एवढी ठणठणीत बोट अख्ख्या देवबागात नसेल. संध्याकाळी बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) पाहिली, सगळ्या खणांत १२५०च्या आसपास, म्हणजे ठीक. बॅटरीवाल्यावरचा आळ तिथेच गेला. रात्री ताईने सुरमई तळली होती, तरी मी गप्प जेवलो.

झोप लागली नाही तेव्हा कळलं की मी दिवसभर सगळं बंद ठेवून मोजत होतो. काही चालूच नसेल तर करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नसेल तर सगळ्यात सडलेल्या जोडावरही व्होल्टेज पडत नाही. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खात नाही. शंभर तारांपैकी एक तार टिकून असली तरी तिच्यातून त्याला पूर्ण १२.५ दिसतात. नळ बंद असताना पाण्याचा दाब मोजण्यातला प्रकार. पाइप कचऱ्याने भरलेला असला तरी दाब पूर्ण दाखवतो, नळ सोडल्यावर खरं काय ते कळतं.

आमच्या वर्कशॉपात मीटर दोन, माणसं वीस. प्रत्येकाच्या खिशात टेस्ट लॅम्प असायचा. होल्डरमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. बल्ब करंट खातो, म्हणून तो खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणात जाऊन १२ व्होल्टचा बल्ब आणला आणि जेट्टीवर बसून टेस्ट लॅम्प बांधला. चिमटा फ्यूजच्या पेटीच्या पॉझिटिव्हला, सुई निगेटिव्हच्या पट्टीवर. जिथे मीटर १२.५ दाखवत होता तिथे बल्ब मंद, पिवळट पेटला. मग लांब वायर जोडून सुई थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली. बल्ब फक्कन पेटला, डोळे दिपले.

भाचा म्हणाला, "म्हंजे?"

"म्हंजे जाणारी वाट बरी आसा. येणारी गेली."

आता मीटरची पाळी, पण या वेळी पंप चालू ठेवून. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब पंपाच्या निगेटिव्हवर. हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, दोन्ही टोकं निगेटिव्ह, तिथे काय मोजणार? तिथे शून्य यायला हवं, निदान शून्याच्या जवळ. आले ३.८ व्होल्ट. पॉझिटिव्हच्या बाजूने असंच मोजलं तर ०.५. बॅटरी पंप चालू असताना १२.४ वर. बारा पूर्णांक चारमधून हे दोन्ही वजा केले की पंपाच्या वाट्याला ८.१ उरले. १२ व्होल्टच्या पंपाला ८ व्होल्ट दिले तर धार तशीच पडणार.

पंप तीन अँपिअर खात होता. तीन अँपिअरला ३.८ व्होल्ट, म्हणजे परतीच्या वाटेत कुठेतरी सव्वा ओहमचा अडथळा. वायरलेस सेट ऐकताना अर्ध्या अँपिअरवर भागवतो, पण बोलताना पाच अँपिअर मागतो. पाच गुणिले सव्वा, सव्वासहा व्होल्ट वाटेतच गायब, सेट बंद. बटण सोडलं की मागणी संपली, व्होल्टेज परत आलं, सेट चालू. दिव्यांचं तेच. आणि मीटरमधल्या बल्बचं भूत तर माझ्या ओळखीचंच होतं. पंप, दिवे, सेट, भूत, सगळ्यांच्या मुळाशी एकच जागा होती.

ती जागा शोधायला मात्र फळ्या उचलाव्या लागल्या. बॅटरी मागे, सीटखाली. तिथून निगेटिव्हची एकच हिरवी वायर तळातून डॅशबोर्डपर्यंत गेलेली, आणि सगळ्या बोटीचा परतीचा करंट त्या एका वायरवर. मधोमध, जिथे पाणी हमखास साचतं अशा खोबणीत, एक जोड निघाला. दोन वायरी पिळलेल्या, त्यावर काळी टेप, टेपवर सिलिकॉनचा लपका. कुणीतरी मनापासून केलेलं काम, पण हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन सुकताना त्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. ते ॲसिडच असतं. तांब्याला पाण्यापासून वाचवायला गेला आणि आत ॲसिड कोंडून ठेवलं.

टेप सोलली तर आत हिरवी पूड. जोड माझ्या हातातच सुटला. म्हटलं वीतभर कापू, मागे स्वच्छ तांबं मिळेल. वीतभर कापलं, आत काळी तार. आणखी वीतभर, काळी. हातभर मागे गेलो तरी वरचं प्लास्टिक हिरवंगार, नव्यासारखं, आणि आत तार काजळीसारखी, नखाने दाबली तर मोडणारी. बारीक तारांच्या फटीतून खारं पाणी वर चढत जातं, समईच्या वातीतून तेल चढावं तसं. बाहेरून बघून वायर पास करणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

भाच्याच्या बोटीवर काम करणारा म्हातारा तांडेल बाजूला बसून जाळं विणत होता. त्याने ती तार हातात घेतली, बघितली आणि एकच शब्द बोलला, "कळाकला."

कळकणं. लहानपणी घरात हा शब्द रोजचा. पितळेच्या टोपात सोलकढी राहिली की कळकायची, हिरवट व्हायची, आई ती ओतून द्यायची आणि कल्हईवाला कधी येतो म्हणून वाट बघायची. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर आणि तो वास, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने एक हात मारला की काळं भांडं चांदीसारखं. आंबट लागतं ते कथलाला, तांबं सुरक्षित.

बोटीसाठी जी वायर मिळते ती म्हणजे हेच. आतली प्रत्येक केसाएवढी तार कल्हई केलेली. सोलली की तांबूस नाही, रुपेरी दिसते. मी भाच्याला इंग्रजीत समजावत बसलो होतो, 'टिन्ड कॉपर' वगैरे, ते त्याच्या डोक्यावरून जात होतं. "कल्हई केलेली वायर" म्हटल्यावर तांडेलाने मान डोलावली आणि विषय संपला. मालवणात ती मिळाली नाही. मुंबईहून मागवली, साध्या वायरच्या दुपटीहून जास्त पैसे पडले, आणि कुरिअर येईपर्यंत चार दिवस बोट बांधलेली. भाच्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्या चार दिवसांत कागदावर हिशेब केला, कारण वायर किती जाड हवी हाही प्रश्न होताच. बसला २४ व्होल्ट. ६० वॅटचा दिवा २४ वर अडीच अँपिअर घेतो, १२ वर तेवढ्याच वॅटचा दिवा पाच. करंट दुप्पट, म्हणून त्याच वायरमध्ये व्होल्टेजची गळतीही दुप्पट. आणि गळती दुप्पट असताना मूळ भांडवल निम्मं. टक्क्यांत धरलं तर चौपट मार. बसमध्ये चालून जाणारी वायर बोटीत का चालत नाही ते यात आलं. बोटींच्या वायरिंगसाठी अमेरिकन लोकांचे नियम आहेत, एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) या संस्थेचे, त्यात बोटीच्या दिव्यांसारख्या जिवावरच्या गोष्टींसाठी तीन टक्क्यांहून जास्त गळती नको म्हणतात. १२ चे तीन टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. आमच्या डॅशबोर्डवर सगळं एकदम चालू केलं तर बारा अँपिअर. बॅटरीपासून साडेचार मीटर, जाऊन-येऊन नऊ. मोजताना येणं धरायचं, मी पहिल्यांदा विसरलोच होतो, पुन्हा चासी! दीड स्क्वेअरच्या (तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) जुन्या वायरला, ती कोरी करकरीत असतानासुद्धा, जवळजवळ दीड व्होल्टची गळती होती. सहा स्क्वेअरला येते बरोबर ०.३६. सहा स्क्वेअर घेतली.

जोड शक्यतो ठेवायचाच नाही, आणि ठेवला तर पाणी साचतं तिथे नाही. टोकांना थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दाबून बसवले, नीट क्रिम्पिंगच्या पकडीने, साध्या पकडीने चेपून नाही. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंकची नळी. तापवली की आतला गोंद वितळून कडेने बाहेर डोकावतो, तो दिसला की समजायचं पाणी आत जाणार नाही. भाचा म्हणत होता सोल्डर करूया. बोट लाटांवर आपटते, सोल्डर तारांमध्ये चढून त्यांची काडी करतं, आणि जिथे काडी संपून मऊ वायर सुरू होते तिथे ती हादऱ्यांनी तुटते. बसमध्येही इंजिनाजवळच्या सोल्डर केलेल्या वायरी अशाच तुटायच्या. हा धडा मात्र बसचा, आणि बोटीलाही लागू पडला.

राहिला सेल्फ. त्याची जाड केबल बॅटरीवरून थेट इंजिनाला जाते, या हिरव्या वायरशी तिचा संबंध नाही. म्हणजे दोष दुसरा. तो एका मिनिटात सापडला, कारण आता मोजायचं कसं ते हाताला कळलं होतं. भाच्याला सेल्फ मारायला सांगितला आणि मी एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवला, दुसरा तिच्यावरच बसलेल्या केबलच्या थिंबलवर. दोघांमध्ये अंतर सुपारीएवढं. आले २.१ व्होल्ट. सेल्फ शंभर अँपिअरच्या घरात ओढतो, म्हणजे अडथळा दोन शतांश ओहमचा. एवढासा अडथळा ओहमच्या खाचेवर दिसतच नाही, स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींमध्ये याच्या दसपट असतो. केबल बोटांनी फिरवायच्या पंखाच्या नटाने आवळलेली होती. असा नट लाटांच्या माराने आपोआप सैल होतो, आणि सैल जागेत खारी हवा शिरते.

नवी बॅटरी आठ दिवस का चालली, याचंही उत्तर इथेच आलं. बॅटरी बदलताना थिंबल काढले, पुन्हा लावले, घासटले, तेवढ्याने वरचा थर निघाला. आठ दिवसांत पुन्हा जमला. जुनी बॅटरी काढून फक्त परत लावली असती तरी ती आठ दिवस चाललीच असती. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने जुनी बॅटरी भंगारात किती रुपयांना दिली ते मला सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. पंखाचे नट समुद्रात फेकले, साधे षटकोनी नट स्प्रिंग वॉशर घालून पान्याने आवळले, वर व्हॅसलीन.

तिसऱ्या दिवसाचं काम खरं तर कुणी सांगितलेलं नव्हतं. बोट आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते असं भाचा सहज बोलून गेला होता. सगळं बंद करून मीटर अँपिअरच्या खाचेत लावला, बॅटरीची निगेटिव्ह सोडून तिच्या आणि वायरच्या मध्ये. (अशा वेळी चुकूनही सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज जातो. विचारू नका कसं कळलं.) ०.२२ अँपिअर. कुणीही काही चालवत नसताना. दिवसाला सव्वापाच अँपिअर-तास, ७५ची बॅटरी आठवड्यात अर्धी. एकेक वायर सोडत गेलो, पंपाच्या तरंगत्या बटणाची सोडली तेव्हा आकडा ०.०२ वर आला. ते बटण पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करतं, म्हणून त्याला कायम पॉझिटिव्ह असतो, आणि त्याचा जोड नेमका पाण्यात बुडालेला. टेपमधून करंट तळाच्या खाऱ्या पाण्यात मुरत होता, रात्रंदिवस. मागच्या फळीतलं पाणी सोडायचं पितळी बूच बघितलं तर गुलाबी पडलेलं, नखाने भुगा निघत होता. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त तसंही झिजून जातं, त्यात ही गळती म्हणजे आगीत तेल. ते बूच गेलं असतं तर पंपाची धार कितीही जाड असून उपयोग नव्हता.

आता पंपाची वायर डॅशबोर्डला वळसा न घालता थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. मुख्य बटण बंद केलं तरी पंप जागा राहतो. जोड पाण्याच्या रेषेच्या खूप वर, सीटच्या आतल्या बाजूला. तपासायला तळात दोन बादल्या पाणी ओतलं. धार जेट्टीवर बसलेल्या दोन पर्यटकांच्या पायांवर गेली. पंपावर १२.१ व्होल्ट होते. माफी भाच्याने मागितली.

दिव्यांचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी ते लावून बघितले, पांढरा लख्ख, लाल लाल, हिरवा हिरवा. तांडेल उठून नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे, गेला, परत आला, म्हणाला, "ह्ये उलटे आसत." लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. कुठल्यातरी मालकाने रंग काढताना सोडले आणि परत बसवताना अदलाबदल केली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, हे जगभर ठरलेलं. समोरून येणाऱ्याला आपण येतोय की जातोय हे त्यावरूनच कळतं. इतकी वर्षं ते इतके मंद होते की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हिरव्या वायरींचं जंगल मी पूर्ण काढलं. कशाशीही न जोडलेली वायर निघाली ती वजन करून बघितली, पावणेचार किलो. नव्या प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलंय, निगेटिव्हला पिवळी वायर वापरलीय, आणि फळीच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलाय, प्लास्टिकमध्ये घालून. पुढचा मालक कोण असेल त्याने माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

पेट्रोलचा काटा तेवढा दुरुस्त केला नाही. टाकी रिकामी असो की भरलेली, तो कायम 'फुल'वर. टाकीतल्या तरंगत्या गोळ्यापासूनची वायर कुठेतरी निगेटिव्हला टेकलीय किंवा गोळाच वर अडकलाय, अर्ध्या तासाचं काम आहे. पण भाचा म्हणाला राहू दे, आणि सीटखालून बांबूची काठी काढून दाखवली, चाकूने खुणा केलेली, वरच्या खुणेवर खाडीपलीकडच्या गावाचं नाव, 'भोगवे', आणि त्याखाली 'घरी' असं लिहिलेली.